गढी, वेस, तलाव, देऊळ: आपल्या गावाची चित्रं काढणं आणि लोकांपर्यंत नेणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

विदर्भातल्या खेड्यापाड्यांत राहून आपल्या भागातल्या वास्तू आणि जागा चित्रात उतरवणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. शाळेतले चित्रकलेचे शिक्षक, हौशी मंडळी, बचत गटातल्या बाया, भिंती रंगवणारी पोरं, सगळ्यांना उपयोगी पडतील. कसोटी एकच धरली आहे: चित्र गावच्या म्हाताऱ्याला दाखवलं, तर नाव न सांगता त्याला जागा ओळखू आली पाहिजे.

आमच्या गावात किल्ला नाही, लेणी नाहीत. काढायचं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. लोणार, मार्कंडा, रामटेक, गाविलगड, सिंदखेडराजा ही नावं मोठी आहेत आणि त्यांची चित्रंही भरपूर आहेत. गावच्या जागेचं चित्र सहसा कुणीच काढलेलं नसतं. वऱ्हाडात पांढऱ्या मातीची अर्धी ढासळलेली गढी, वेशीचा उरलेला एक बुरूज, मारोतीचा पार, पायऱ्यांची विहीर बघा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे मामा तलाव (मालगुजारांच्या काळातले जुने तलाव), त्याची पाळ, पाळीवरची झाडं, शेतातली बोडी म्हणजे छोटं तळं आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर, अचलपूर या शकुंतला रेल्वेची छोटी स्थानकंही आहेत. कवेलूची घरं तर झपाट्यानं टिनाची किंवा स्लॅबची होत आहेत. पुढच्या पावसाळ्यात जे उभं राहील याची खात्री नाही, ते आधी काढा.

जुन्या वास्तूसमोर बसून चित्र काढायला परवानगी लागते का?

वही-पेन्सिल घेऊन बसायला सहसा नाही. ट्रायपॉड, ड्रोन किंवा व्यावसायिक चित्रीकरण असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण किंवा राज्य पुरातत्त्व विभाग, जी वास्तू ज्याच्याकडे असेल त्याची परवानगी आधी घ्या. गाविलगड आणि नरनाळा जंगलात आहेत. तिथे वनविभागाच्या नाक्यावरून जावं लागतं, वेळेत परत यावं लागतं. म्हणून संध्याकाळच्या उन्हातलं चित्र तिथे बसून पूर्ण होत नाही. कच्चं रेखाटन आणि रंगांच्या नोंदी करून बाकीचं घरी करा.

गाभाऱ्यात चित्र काढू नका, फोटो घेण्याआधी पुजाऱ्याला विचारा. आदिवासी गावांतली देवस्थानं आणि गोटुल (तरुण मंडळींची एकत्र जमण्याची जागा) यांच्याबाबत गावातल्या जाणत्यांना विचारल्याशिवाय वही उघडूच नका. त्यांनी नाही म्हटलं तर कारण मागू नका.

सुरुवातीला सामान किती घ्यावं?

थोडं. ए-४ आकाराची १५० जीएसएम (कागदाचं वजन, आकडा मोठा तितका कागद जाड) कार्ट्रिज कागदाची वही, एचबी आणि ४बी पेन्सिल, पाण्यानं न पसरणारं एक काळं पेन. जलरंग करायचे असतील तर ३०० जीएसएमचा कागद घ्या. पातळ कागद पाणी लागलं की फुगतो आणि खळग्यांत रंग साचतो. ट्यूबमधले सहा रंग पुरतात: अल्ट्रामरीन निळा, पिवळा ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, लाल आणि लेमन पिवळा. हिरवा विकत घेऊ नका. तयार हिरवा आपल्याकडच्या पळस, साग, बाभळीच्या हिरव्याशी जुळत नाही. निळ्यात ऑकर घालून मिळतो तो मळकट हिरवाच बहुतेक ठिकाणी बरोबर बसतो.

देवळाचं प्रमाण चुकतं. शिखर नेहमी उंच होतं. काय करावं?

शिखर आपल्याला महत्त्वाचं वाटतं, म्हणून हात ते वाढवतो. मोजल्याशिवाय ही सवय जात नाही.

आधी जागा पक्की करा. वास्तूच्या उंचीच्या निदान दोन-अडीच पट लांब बसा. जवळ बसलात तर वरच्या रेषा आत झुकतात आणि मोजमाप जुळत नाही. हात कोपरात न वाकवता सरळ धरा, एक डोळा मिटा, पेन्सिलच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत एक माप पकडा. देवळाला दाराची उंची हे माप सोयीचं असतं. पूर्ण उंचीत ते किती वेळा बसतं, रुंदीत किती वेळा, ते कागदाच्या कोपऱ्यात लिहा. मग कागदावर बाहेरची एक चौकट आखा आणि तिच्यात आधी फक्त तीन आडव्या रेषा मारा: चौथरा जिथे संपतो ती, छताची कड आणि शिखराचं टोक. या तीन रेषा बरोबर असल्या की चित्र फार बिघडत नाही.

त्यानंतर खांब. इथे दुसरी चूक होते. सगळे खांब सारख्या अंतरावर काढले जातात. कोनातून पाहिलं की लांबचे खांब जवळजवळ येतात आणि मधल्या फटी अरुंद होतात. खांब काढण्यापेक्षा खांबांमधल्या अंधाराच्या पट्ट्या काढा, लवकर जमतं. कोरीवकाम सगळ्यात शेवटी, आणि तेही सगळं नाही. मार्कंड्यासारख्या ठिकाणी भिंतभर मूर्ती आहेत. सगळ्या काढायला गेलात तर चित्र ठिपक्यांची रांगोळी होतं. उन्हातल्या एका भागातल्या दोन-तीन मूर्ती नीट काढा, सावलीतल्या नुसत्या डागांनी दाखवा.

लोणारच्या सरोवराची अडचण निराळी आहे. विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे आणि कडेवर उभं राहून पाहिलं तर पाण्याचा गोल फार चपटा दिसतो. त्याची उंची रुंदीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असते. तरी बहुतेक जण तो गोल वर उचलून काढतात आणि सरोवर हवेत तरंगतं. समोरच्या कडेची आडवी रेषा आधी मारा, मग पाणी.

कोणत्या वेळी बसावं?

देवळाचं तोंड बहुधा पूर्वेला असतं. दर्शनी भाग हवा असेल तर सकाळी ७ ते ९. कोरीवकाम उठून दिसायला ऊन तिरपं लागतं, दुपारच्या उन्हात दगड सपाट दिसतो. सावल्या सुरुवातीलाच आखून ठेवा आणि नंतर हलवू नका. दोन तासांत त्या इतक्या सरकतात की अर्धं चित्र सकाळचं आणि अर्धं दुपारचं होतं.

एप्रिल-मे मध्ये जलरंगाचा हात पसरतच नाही, डाग राहतात.

४४-४५ अंशांत तसंच होणार. कागदाच्या मागच्या बाजूला ओला बोळा फिरवून कागद ओल्या फळीवर चिकटवा, खालून ओल मिळत राहते. रंग आधीच जास्त कालवून ठेवा, मध्येच संपला तर नवा कालवेपर्यंत पहिली कड वाळते आणि तिथे कायमची रेघ पडते. आकाश एका दमात, मोठ्या ब्रशनं. कडेला गेलेला रंग पुन्हा मधे ओढू नका. सरळ सांगायचं तर मे महिन्यात बाहेर पेन्सिल आणि पेनच वापरा, रंग घरात द्या.

दगड काळा आहे, पण काळा रंग दिला की भोक पडल्यासारखं दिसतं.

काळा पाषाण काळा नसतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळा. उन्हाकडच्या बाजूला अंबर जास्त, सावलीत निळा जास्त. हे बुलढाणा, वाशिम, अकोल्याकडच्या बेसॉल्टसाठी. पूर्वेकडे गेलात की दगड बदलतो. चंद्रपूर-गडचिरोली भागात वालुकाश्म भेटतो, त्याला ऑकर आणि बर्न्ट सिएना लागतो. बाळापूरचा किल्ला विटांचा आहे. त्याला नुसता लाल देऊ नका, सिएनावर पातळ निळा फिरवला की जुनी वीट दिसते. गढीची पांढरी माती म्हणजे खूप पाणी घातलेला ऑकर आणि अंबरचा थेंब.

नेटवरचा फोटो बघून चित्र काढलं तर चालतं का?

सरावाला चालतं. छापायला किंवा विकायला नाही. वास्तू सगळ्यांची असली तरी फोटो काढणाऱ्याचा असतो, आणि त्याच कोनाची, त्याच प्रकाशाची हुबेहूब नक्कल त्याच्या हक्कावर येते. भारतात छायाचित्रावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं राहतो. वास्तूचं स्वतः पाहून चित्र काढायला मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अडचण नाही. चौकात कायम उभ्या असलेल्या पुतळ्याचंही चित्र काढता येतं. जाणं होत नसेल तर गावातल्याच कुणाकडून दहा-बारा कोनांतून फोटो मागवा, त्यांना विचारून वापरा आणि चित्राखाली त्यांचं नाव द्या.

एआयकडून चित्र करून घेतलं तर?

ते तुमच्या गावचं देऊळ नसतं. शिखर कुठलं तरी, खांब भलतेच, वेशीला राजस्थानी कमान. गावातला माणूस पाच सेकंदांत ओळखतो.

शाळेच्या भिंतीवर वारली काढावी का?

वारली चित्रं पालघर-डहाणूकडच्या वारली समाजाची. तिथली ती परंपरा मोठीच आहे, पण विदर्भातल्या जिल्हा परिषद शाळांच्या भिंतींवर तीच ती तारपा नाचणारी माणसं का, हे आम्हाला कळत नाही. इथे पोळ्याचे सजवलेले बैल आहेत, तान्हा पोळा आहे, झाडीपट्टीचा (पूर्व विदर्भातला) नाटकाचा मंडप आहे, गेरू आणि पांढऱ्या मातीचे पट्टे दिलेल्या भिंती आहेत. गोंड शैली उचलायची असेल तर ती जगणाऱ्या कलाकाराला बोलवा आणि मोबदला द्या.

भिंतचित्र करायचं आहे. सुरुवात कुठून?

कागदापासून. भिंत ग्रामपंचायतीची असेल तर मासिक सभेत ठराव, शाळेची असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती, खाजगी असेल तर मालकाची लेखी संमती. ठरावासोबत रंगीत कच्चं चित्र जोडा. नंतर "हे असं सांगितलं नव्हतं" हा वाद त्यामुळे टळतो.

मग भिंत तपासा. खालच्या दोन-तीन फुटांत पांढरी पूड फुटत असेल, तर ओल आणि खार आहे. त्यावर कुठलाही रंग एका पावसाळ्यात पापुद्रे धरतो. ओल थांबवता येत नसेल तर चित्र तीन फुटांच्या वर घ्या आणि खाली नुसता गेरूचा पट्टा ठेवा, तो दरवर्षी नवा करता येतो. नवीन प्लास्टरला चार आठवडे द्या. जुना चुना असेल तर तारेच्या ब्रशनं आणि पत्रीनं खरवडून काढा, भिंत धुवा, पूर्ण वाळू द्या. चुन्याच्या भुकटीवर इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग) धरत नाही. चित्रं सोलून पडतात त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

१० फूट बाय २० फूट भिंतीसाठी (२०० चौरस फूट) अंदाज असा: बाहेरचा प्रायमर दोन ते अडीच लिटर, पायाचा पांढरा किंवा फिकट रंग दोन हातांसाठी चार लिटर, चित्रासाठी पांढरं एक्स्टिरिअर इमल्शन आणखी तीन लिटर, त्यात घालायला स्टेनरच्या (छटा आणणाऱ्या दाट रंगाच्या) बाटल्या. स्टेनर जास्त घालायचा मोह होतो. लिटरला ४० मिलीच्या पुढे गेलात तर रंग हाताला लागायला लागतो आणि पावसात ओघळतो. गडद छटा हवी असेल तर ती तयारच घ्या. तैलरंग वापरू नका, मागून ओल आली की त्याला फोड येतात.

चित्र मोठं करायला चौकटीची पद्धतच बरी. कच्चं चित्र १० बाय २० इंच काढा, त्यावर एक इंचाचे चौकोन आखा. भिंतीवर एक फुटाचे. गेरूत बुडवलेली दोरी दोघांनी ताणून धरायची, मध्ये उचलून सोडायची, सरळ रेघ उमटते. आडव्या चौकोनांना आकडे, उभ्यांना अ, आ, इ द्या. एका वेळी एकच चौकोन उतरवा. प्रोजेक्टर असला तरी तो रात्रीच चालतो आणि खेड्यात रात्री वीज असेलच असं नाही.

रंगाचे दोन हात देताना चार तासांचं अंतर ठेवा. पश्चिमेची भिंत दुपारी रंगवू नका, तापलेल्या भिंतीवर रंग वरून वाळतो आणि आत चिकटत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे काम करायचे महिने.

मातीच्या भिंतीवर काय वापरावं?

इमल्शन नाही. माती आतून ओल सोडते, प्लास्टिकचा थर ती अडवतो आणि थर मातीसकट निघतो. शेण-मातीनं सारवून वाळवा, पांढऱ्या मातीचा हात द्या आणि गेरू, काजळी, पिवळी माती यांनी काढा. एक किलो गेरूला दोन लिटर पाणी आणि रात्रभर भिजवून गाळलेला साधारण १०० ग्रॅम डिंक. डिंक वाढवला तर रंग तडकतो, कमी पडला तर झडतो. आधी हातभर जागेवर लावून पाहा. पावसाचा मारा लागणाऱ्या बाजूला हे टिकत नाही. ओसरी किंवा छपरीतली भिंत निवडा.

किल्ल्याच्या किंवा जुन्या देवळाच्या भिंतीवरच चित्र काढलं तर?

अजिबात नाही, खडूनंसुद्धा नाही. केंद्राच्या यादीतल्या संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यानुसार (२०१० च्या दुरुस्तीनंतर) दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संरक्षित यादीत नसलेल्या देवळावर ऑइलपेंट फासणं हेही तितकंच वाईट. दगडाचं कोरीवकाम त्याखाली बुजतं आणि काढताना दगडही निघतो.

चित्र मोबाईलवरून नीट कसं घ्यावं?

स्कॅनर मिळाला तर ए-४ चित्र ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं होतं. ते दुप्पट मोठं छापायचं असेल तर ६०० ला स्कॅन करा. स्कॅनर तालुक्याला असेल आणि जाणं होत नसेल, तर चित्र भिंतीला उभं टेकवा, सावलीत, सकाळी दहाच्या सुमारास. मोबाईल चित्राच्या मध्यावर, समांतर धरा. अगदी जवळ जाऊ नका, कडा वाकतात. थोडं लांबून दुप्पट झूमवर घ्या. शेजारी पांढरा कोरा कागद ठेवा, म्हणजे नंतर रंग जुळवता येतात. छापखान्याला व्हॉट्सअॅपवर पाठवताना "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की चित्र आकसतं आणि छापील प्रत धुरकट येते.

पोस्टकार्ड किंवा दिनदर्शिका छापताना काय बिघडतं?

पहिलं, अक्षरं. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप केलेलं नाव छापखान्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं की जोडाक्षरं फुटतात. मजकुराचं "कर्व्ह" करून (अक्षरांचं आकारांत रूपांतर करून) पीडीएफ द्या आणि छपाईआधी कागदावरचा नमुना मोठ्यानं वाचा.

दुसरं, कडा. ६ बाय ४ इंचाच्या कार्डाला ३०० डीपीआयला १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात. शिवाय चारही बाजूंना ३ मिमी चित्र जास्त ठेवा, नाहीतर कापताना पांढरी पट्टी राहते. सही कडेला टेकवू नका.

तिसरं, रंग. पडद्यावरचा झगझगीत निळा आणि हिरवा छपाईत मरतो. कार्ड ३०० जीएसएम, मागची बाजू लॅमिनेशनशिवाय, कारण चकचकीत बाजूवर पेन चालत नाही. दोन-तीनशे प्रतींपर्यंत डिजिटल छपाई परवडते. ऑफसेटला प्लेटांचा खर्च शंभराला आणि हजाराला सारखाच.

चित्राखाली काय लिहावं?

जागेचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, कुठल्या बाजूनं दिसतं ते, आणि चित्राचं साल. दहा वर्षांनी बुरूज पडला की ही ओळ चित्राइतकीच मोलाची ठरते. आख्यायिका जरूर द्या, पण "गावात असं सांगतात" असं म्हणून. दगडावर दगड रचलेल्या प्रत्येक देवळाला आपल्याकडे हेमाडपंती म्हणतात. ज्याच्यावरून हे नाव पडलं तो हेमाद्री तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री. त्याच्या आधीचीही देवळं विदर्भात आहेत. काळाचा पुरावा नसेल तर "जुनं दगडी देऊळ" एवढंच लिहा. फलकावरचं साल उतरवताना फलक कुणी लावला तेही पाहा.

फेसबुकवर टाकलं की लोक उचलतात. काय करावं?

लांब बाजू १२०० पिक्सेलची प्रत टाका, मूळ फाईल स्वतःजवळ ठेवा. सही चित्राच्या आत घ्या, कोपऱ्यात नको, कोपरा कापता येतो. कॉपीराइट चित्र काढल्याबरोबर तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही, पण तारखेसह मूळ रेखाटनं जपा. गावच्या ग्रुपवर फिरलं तर फिरू द्या, ओळख तिथूनच होते. कुणी बॅनरवर छापून पैसे कमावत असेल तर आधी फोन, मग लेखी पत्र.

जत्रेत चित्रं खपतात का? किंमत कशी लावावी?

मूळ चित्रं क्वचित, कार्ड आणि छोटे प्रिंट बऱ्यापैकी. त्या जत्रेला त्या जागेचंच चित्र न्या: महाशिवरात्रीला मार्कंडा, कार्तिक पौर्णिमेला रामटेक, १२ जानेवारीला सिंदखेडराजा. दोरी आणि लाकडी चिमटे घ्या, प्रत्येक प्रिंट पारदर्शक पिशवीत ठेवा, धुळीनं एका दिवसात माल खराब होतो. क्यूआर कोड असू द्या, पण गर्दीत नेटवर्क जातं, सुटे पैसे हवेतच. देवाचं चित्र पायपुसणीवर, चपलेवर किंवा जमिनीवर मांडू नका.

मूळ चित्राची किंमत म्हणजे सामान, फ्रेम आणि तास. तासाचा दर गावातल्या गवंड्याच्या मजुरीपेक्षा कमी धरू नका. प्रिंटला छपाईखर्चाच्या अडीच ते तीन पट. दुकानात ठेवायला दिलं तर टक्केवारी आणि न खपलेला माल परत कधी, हे दोन्ही आधी लिहून घ्या.

पावसाळ्यात चित्रांना बुरशी येते.

लोखंडी पेटीत दाबून ठेवू नका. दोन चित्रांमध्ये बटर पेपर, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, आणि दर पंधरा दिवसांनी एकदा वारा. भिंतीवरची फ्रेम भिंतीला चिकटू देऊ नका, मागे चार कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावा. बुरशी आलीच तर ओल्या फडक्यानं पुसू नका, ती पसरते. पूर्ण वाळू द्या, मग मऊ कोरड्या ब्रशनं घराबाहेर झटका.

चित्र टपालानं पाठवायचं आहे.

ए-४ पर्यंत दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये, आडव्या-उभ्या नळ्यांचे पुठ्ठे एकमेकांवर काटकोनात ठेवून. त्याहून मोठं असेल तर तीन इंची पाइपात, चित्राची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. आत गुंडाळलं की उघडताना रंगाला सुरकुत्या पडतात. आधी प्लास्टिक, मग पाइप, आणि पत्ता पाइपवरही आणि आत एका चिठ्ठीवरही.